पाटीवरची खालची ओळ

मित्रांनो, मला जुना म्हणू नका. चौदा वर्षं हे ट्रेलरचं काही म्हातारपण नाही. माझ्या बरोबरीचे कितीतरी ट्रेलर आजही रस्त्यावर धावतायत. मी जुना झालेलो नाही, मला मोडलंय. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तोच सांगायला मी आज तोंड उघडलंय. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा. मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

चेन्नईत अंबत्तूरच्या कारखान्यांमागे एक यार्ड आहे. तिथे कुंपणाला लागून मी उभा आहे. मला ओढणारी पुढची गाडी केव्हाच काढून नेली. मला बाजू नाहीत, छप्पर नाही. आहे ती नुसती लांबलचक सपाट पाठ, तिच्याखाली दोन लोखंडी गर्डर आणि बारा चाकं. ज्या अवजड यंत्रांना आपल्या पायांनी गावाला जाता येत नाही त्यांना पाठीवर बसवून पोचतं करायचं, हे माझं काम होतं. पोकलेन, जनरेटर, बॉयलर, सगळे माझ्या पाठीवर बसून गेले. आज माझी पाठ मधोमध वाकलेली आहे. तिथे पाणी साचतं आणि कावळे अंघोळ करतात.

माझा जन्म इथलाच, तीन गल्ल्या पलीकडच्या एका वर्कशॉपमधला. मला घडवणाऱ्या फोरमनचं नाव सत्यनारायण. चष्म्याची काडी मोडलेली, तिथे दोरा बांधलेला, आणि बोलणं मोजकं. माझं काम पुरं झाल्यावर त्याने माझ्या उजव्या अंगाला, पुढच्या बाजूला एक पितळी पाटी ठोकली. चार रिबिटं, दोन ओळी. वरची ओळ मोठ्या अक्षरांत, खालची बारीक.

मला न्यायला माझा मालक आला. त्याचं नाव चंद्रमौळी. जॉर्ज टाउनमध्ये त्याचं वाहतुकीचं ऑफिस आहे. हे लोक तंजावूरकडचे. कित्येक पिढ्यांपासून ते तमिळ मुलखात राहतात, पण घरात अजून मराठी बोलतात. माझे ड्रायव्हर-कामगारही त्याच बाजूचे, म्हणून तर मी तुमच्याशी मराठीत बोलतोय.

सत्यनारायणने मालकाला पाटीपाशी नेलं. तो म्हणाला, "वरची ओळ चाळीस टन. पण ते सगळ्या पाठीवर पसरून. खालची ओळ बघा. मधल्या तीन मीटरांत फक्त चोवीस."

मालकाला ते नीट कळलं नसावं. मग सत्यनारायणने वर्कशॉपमधला एक लांब लाकडी बाक ओढला. त्यावर आठ कामगार एका ओळीत बसवले. बाक हूं की चूं करेना. मग त्याने आठही जणांना सांगितलं, आता मधोमध या, एकमेकांच्या मांडीवर बसा. ते हसत हसत बसले आणि बाक असा काही करकरला की सगळे टुणकन उठले. माणसं तीच आठ, बाकही तोच.

"समजलं का?" सत्यनारायणने विचारलं.

"समजलं, समजलं," असं म्हणून मालक मोठ्याने हसला.

मित्रांनो, ते हसणं लक्षात ठेवा. त्याला समजलं होतं. पुढे जे झालं ते अडाण्याच्या हातून झालेलं नाही.

त्याच वर्षी माझी पहिली आयुधपूजा झाली. इथे नवरात्राच्या नवव्या दिवशी सगळ्या हत्यारांची, यंत्रांची, गाड्यांची पूजा होते. मला धुतलं, पुसलं, झेंडूच्या माळा घातल्या. चाकांखाली लिंबं ठेवली. मालक चांदीच्या वाटीत गंध घेऊन आला. गंध लावायला त्याला माझ्या अंगावर जागा सापडली ती पाटीची. पितळी, चकचकीत, देवघरातल्या वस्तूसारखी. वरच्या ओळीवर त्याचं बोट क्षणभर थांबलं.

"हा आकडा कागदपत्रांना लागतो, तो मोकळा असूं दे," असं तो स्वतःशीच म्हणाला आणि त्याने खालच्या ओळीवर तीन बोटांचे पट्टे ओढले. त्यावर कुंकवाचा टिळा लावला आणि डोळे मिटून हात जोडले.

मलाही तेव्हा भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. मी नवा होतो. मला वाटलं, किती हा जीव लावतो.

दुसऱ्या वर्षी पुन्हा गंध, तिसऱ्या वर्षी पुन्हा. पुसायचं कुणी नाही, कारण देवाचं गंध पुसायचं नसतं म्हणे. पाचव्या वर्षी मला रंगवायला पेंटर आला. त्याला पाटीचा खालचा भाग नुसता पिवळट दिसला. त्याने तिथे ऑइलपेंटने एक छानसं गुलाबी कमळ काढलं. मालक खूश झाला. पुढे दर वर्षी त्या कमळावर गंध चढत गेलं. दहाव्या वर्षी तिथे कधी काही लिहिलेलं होतं हे सांगितलं असतं तरी कुणाला खरं वाटलं नसतं. ज्या एका ओळीत माझं दुखणं लिहिलं होतं तिलाच त्यांनी देव करून टाकलं.

माझा ड्रायव्हर गुंडो. उंच, सावळा, मिशीला तेल लावणारा. त्याच्या जोडीला गिरिधर. यंत्र चढवायचं, साखळ्या आवळायच्या, वळणावर रस्ता दाखवायचा, रस्त्यावर विजेच्या तारा खाली लोंबकळत असल्या तर लांब बांबूने त्या वर उचलून धरायच्या, ही गिरिधरची कामं. चौदा वर्षं ही दोन माणसं दुपारी माझ्या पाठीवर बसून एकाच डब्यातून जेवली. डबा गुंडोच्या बायकोचा, कनकाचा. दहीभात, आणि पालक घालून केलेली आंबट भाजी. त्या भाजीत चिंच जास्त असते यावरून दोघांचा रोज वाद. गिरिधर रोज नावं ठेवायचा आणि डबाही तोच चाटूनपुसून साफ करायचा.

चांगलीच माणसं होती ती. पण चांगली माणसंही ओझं लादतातच. आता त्याचं सांगतो.

आधी चाळीसचं बेचाळीस झालं. पोकलेनचं वजन कागदावर असायचं ते नुसतं यंत्राचं. त्याला लावलेला दगडफोडा, जास्तीची बकेट, टाकीतलं डिझेल, हे कुणी धरायचंच नाही. मी ते ओढलं. मग कुणीतरी म्हणालं, बेचाळीस गेलं की, काही झालं नाही. मग चव्वेचाळीस. तेही गेलं. मग सेहेचाळीस. प्रत्येक वेळी मी मोडलो नाही, तीच माझी नवी मर्यादा ठरत गेली. मी सोसलं हाच माझा गुन्हा. टायर फुटले, तर टायर बदलले. चाकांवरच्या कमानीचे पाटे तीनदा तुटले, तर नवे पाटे घातले. टायर वाईट, पाटे वाईट, रस्ता वाईट. वजन मात्र कधीच वाईट नव्हतं.

मालकाने माझं नाव ठेवलं होतं राजा. जॉर्ज टाउनच्या ऑफिसात बसून तो लोकांना सांगायचा, "आमचा राजा पन्नासला पण नाही म्हणत नाही." नाही कसं म्हणणार मी? मला तोंड होतं ती पाटी, आणि तिच्यावर यांनी कमळ काढून ठेवलेलं.

या शहरात एक शब्द आहे, परवायिल्लै. चालायचंच, काही बिघडत नाही, असा त्याचा अर्थ. चहात साखर कमी पडली तर परवायिल्लै. बस चुकली, परवायिल्लै. शब्द गोड आहे आणि माणसामाणसांत शोभतो. पण लोखंडाला परवायिल्लै चालत नाही. तीन वर्षांपूर्वी अठ्ठेचाळीस टन नेल्यावर माझ्या डाव्या गर्डरला खालच्या अंगाने केसाएवढी चीर गेली. गुंडोला दिसली. त्याने मालकाला बोलावून दाखवली. मालकाने अर्ध्या तासात वर एक पट्टी वेल्डिंग करून घेतली, पट्टीवर रंग मारला आणि तोच शब्द म्हणाला.

मग ती पॉवर प्रेस आली.

अंबत्तूरच्याच एका कारखान्यातून ती ओरगडमला न्यायची होती. पत्र्याला दाबून आकार देणारी यंत्रं असतात, त्यांतलं हे. उंचीला दोन मजली, वजन चौतीस टन, आणि बूड जेमतेम अडीच मीटरचं. म्हणजे बाकावरची ती आठ माणसं, एकमेकांच्या मांडीवर. सकाळचे साडेनऊ झाले होते. क्रेनने प्रेस उचलून तयार ठेवली होती. गिरिधर बांबू आणायला गेटकडे गेला होता. मालक स्वतः आला होता, कारण गिऱ्हाईक मोठं होतं.

गुंडोने माझी पाठ बघितली, प्रेसचं बूड बघितलं. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, खालची ओळ तर केव्हाच झाकली गेली होती. पण चौदा वर्षं माझ्यासोबत काढली होती त्याने.

"अण्णा," तो म्हणाला, "हिचं बूड लहान अहे. सगळा भार मधेंच येतो. लांब लाकडी स्लीपर खालीं घालूं, म्हणजे भार पसरेल. स्लीपर रेडहिल्सला अहेत. मी घेऊन येतों."

"किती वेळ लागेल?"

"तीन तास."

"क्रेन बारा वाजतां जाते. वजन किती हिचं?"

"चौतीस."

"पाटीवर काय लिहिलंय?"

गुंडोने वरच्या ओळीकडे पाहिलं. "चाळीस."

"मग कसाला भितोस? सहा टन शिल्लक अहेत. परवायिल्लै, चढव."

मित्रांनो, मी तेव्हा ओरडत होतो. लोखंड ओरडतं ते तुम्हाला ऐकू येत नाही, पण ओरडतं. खालची ओळ वाच, खालची ओळ वाच. वरच्या ओळीपासून अंगठ्याएवढ्या अंतरावर ती होती, मालकाच्याच हाताच्या गंधाखाली. गुंडोने क्रेनवाल्याला हात केला. क्रेनने प्रेस माझ्या पाठीवर ठेवली आणि माझे दोन्ही गर्डर मध्यात खाली गेले. गिरिधर अजून आला नव्हता, म्हणून गुंडोनेच साखळ्या बांधल्या. चार, आडव्या-उभ्या, एकेक आवळून, हाताने ओढून तपासून. त्या दिवशी त्याने त्या रोजच्यापेक्षा जास्त काळजीने बांधल्या. भीती होती ना मनात.

वजनकाट्यावरही आम्ही पास झालो. काटा एकूण वजन सांगतो. ते कुठे बसलंय हे काटा सांगत नाही.

कारखान्यांच्या इस्टेटमधून बाहेर पडायच्या वळणावर एक गतिरोधक आहे. त्याच्यावर तारा खाली लोंबतात. गिरिधर माझ्या डाव्या बाजूने बांबू घेऊन चालत होता. वर मान करून त्याने तार उचलली. माझी मधली चाकं गतिरोधकावर चढली आणि उतरली. त्या एका धक्क्यात पट्टीखालची जुनी चीर उघडली आणि डावा गर्डर वाकला. प्रेस डावीकडे कलली. तिचा सगळा भार एका साखळीवर आला आणि साखळी तुटली. गिरिधर "निल्लु, निल्लु", थांब, थांब, असं ओरडला. गुंडोने लगेच थांबवलंही. पण प्रेसचा पाया माझ्या कडेवरून घसरला आणि गिरिधरचा डावा पाय त्याच्याखाली सापडला.

मला त्याहून जास्त सांगवत नाही. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, एवढं पुरे.

लोक जमले. सगळ्यांना काय दिसलं? तुटलेली साखळी. ती रस्त्यावर पडलेली होती, चकचकीत, मोबाइलमध्ये फोटो काढण्याजोगी. माझा मोडलेला गर्डर खाली होता, तिथे वाकून बघणार कोण? पोलिसांनी विचारलं, साखळ्या कुणी बांधल्या? गुंडो म्हणाला, मी. पोलिसांनी मालकाला विचारलं, काय झालं असेल? मालक घाम पुसत म्हणाला, "साखळी सैल राहिली असेल."

असेल म्हणे! डोंबल तुझं. तीन तासांपूर्वी स्लीपर मागणाऱ्या माणसाला तू नको म्हणालास, ते नाही आठवलं तुला?

गुंडोवर केस झाली, लायसन्स जमा झालं. आणि यापेक्षाही मला ज्याचा संताप येतो ते वेगळंच आहे. गुंडोला ते खरं वाटलं. त्यालाही तुटलेली साखळीच दिसली होती. त्याने मनाशी पक्कं धरलं की आपल्या हातांनी आपल्या मित्राचा पाय घेतला. तो घरात बसून राहिला. हॉस्पिटलात गेलाच नाही.

हे मला कसं कळलं ते सांगतो. मला ओढत आणून यार्डात टाकल्यावर तेराव्या दिवशी सकाळी कनका आली. माझ्या पोटाशी हत्यारांची एक पेटी आहे, तिच्यात गुंडोचा टॉवेल आणि डबा राहिला होता. ते घ्यायला ती आली होती. डबा हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली आणि मलाच बोलायला लागली.

"माझ्या माणसाला फसवलास नव्हे तूं? ताटावर बसतो आणि आपल्या हातांकडे बघत राहतो. जेवत नाही. तिकडे गिरिधर रोज विचारतो, गुंडो कोठें, गुंडो कोठें. काय सांगूं मी त्याला?"

मला तिचा राग आला नाही. तिचं बोलणं बरोबर होतं, फक्त ती भलत्यालाच बोलत होती.

तेवढ्यात माझ्या खालून एक बाई बाहेर आली. अंगाला माती, हातात टॉर्च आणि टेप. तिचं नाव नीलम. ती विम्याच्या कामासाठी मोडलेल्या गाड्या तपासते. एग्मोरजवळ तिचं ऑफिस, माहेर पुण्याकडचं. तिने कनकाचं बोलणं ऐकलं होतं.

"तुम्ही मराठी बोलता?" तिने विचारलं.

"घरांत बोलतों," कनका म्हणाली. "तुम्हाला कळलं काय मी बोललेलं?"

"सगळं कळलं. ड्रायव्हर तुमचे यजमान का?" कनकाने मान हलवली. नीलम पाटीकडे बोट दाखवून म्हणाली, "मला एक कळत नाहीये. पाटीवर चाळीस टन लिहिलंय, वजन चौतीस होतं. मग गर्डर मोडला कसा? अशा पाटीवर साधारण दोन ओळी असतात. हिच्यावर एकच दिसतेय."

तिने स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि कमळ खरवडायला लागली. कनकाने पटकन तिचा हात धरला.

"पितळ अहे तें, बाई. असं खरवडलं तर अंक जातील. थांबा."

ती वॉचमनच्या खोलीत गेली. तिथून थिनरची बाटली आणली आणि रसमासाठी ठेवलेला चिंचेचा गोळा आणला. आधी चिंधीवर थिनर घेऊन कमळ उतरवलं. खाली पहिल्या पाच वर्षांचं गंध दगडासारखं बसलेलं होतं. त्यावर तिने भिजवलेली चिंच थापली, थोडा वेळ ठेवली आणि नारळाच्या काथ्याने गोल गोल घासायला लागली. दर गुरुवारी घरच्या समया घासते ना ती, हाताला सवय होती. चिंचेचं काळं पाणी माझ्या अंगावरून ओघळलं. मला इतकी वर्षं गंध लावलं, फुलं घातली, पण माझी खरी सेवा त्या दिवशी झाली.

हळूहळू बारीक अक्षरं वर आली. नीलमने टॉर्च धरून वाचली.

"मधल्या तीन मीटरांत चोवीस टन."

ती परत माझ्या खाली गेली. टेप लावला, चिरेला हात लावून बघितला, फोटो काढले. बाहेर आली ती सरळ कनकासमोर उभी राहिली. "आधी गर्डर मोडला. साखळी त्याच्यानंतर तुटली. ही कुठलीही साखळी असती, कुणीही बांधलेली असती, तरी तुटलीच असती."

"म्हणजे ह्याने बांधली ती बरोबर होती?"

"बरोबर होती."

कनका पाटी घासतच राहिली. पाटी स्वच्छ झाली होती तरी घासत राहिली. मग म्हणाली, "ह्याने लाकूड मागितलं होतं. स्लीपर. मला सांगितलं होतं त्याने."

"कुणी ऐकलं ते? दुसरं कुणी होतं तिथे?"

कुणी नव्हतं. गिरिधर बांबू आणायला गेला होता, क्रेनवाला वर केबिनमध्ये होता. ऐकलं होतं फक्त मालकाने, आणि मी. माझी साक्ष कोण काढणार? नीलमने स्पष्टच सांगितलं की हे सिद्ध झालं नाही तर लोक म्हणतील, अनुभवी ड्रायव्हर होता, कळायला नको? साखळीचा ठपका जाईल आणि चढवल्याचा येईल.

त्या दिवशी मालक यार्डात यायचाच होता, नीलमला कागद द्यायला. गाडीतून उतरला आणि पाटी बघून जागीच थबकला. तेरा दिवसांत माणूस सुकला होता. मला दया यायला हवी होती. नाही आली.

कनका त्याच्याशी आजवर मान वर करून बोललेली नव्हती. त्या दिवशीही आवाज चढवला नाही. चिंचेने काळे झालेले हात तसेच धरून ती म्हणाली, "अण्णा, तुम्हाला इंग्रजी येतं. मला येत नाही. खालची ओळ वाचून दाखवा."

त्याने वाचली. एकदा मनात, एकदा मोठ्याने. मग त्याने पाटीवर हात ठेवला आणि मला कळलं, त्याला तो बाक आठवला होता.

"हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "ज्या दिवशीं ह्याला आणलं त्या दिवशींच मला सांगितलं होतं." मग नीलमकडे वळून तो म्हणाला, "गुंडोने स्लीपर मागितले होते. मीच नको म्हटलं. लिहून घ्या, बाई. मी सही करतों."

एवढंच वाक्य. तेरा दिवस त्याच्या घशात अडकलेलं. ते पहिल्या दिवशी बोलला असता तर गुंडो तेरा दिवस उपाशी बसला नसता. आणि त्या सकाळी मालकाने खालची ओळ आठवली असती तर गिरिधरला आज दोन पाय असते. खरं बोलला म्हणून त्याचं कौतुक करा असं कुणी मला सांगू नये. उशिरा का होईना, बोलला. इतकंच मी म्हणेन.

त्याच दिवशी दुपारी गुंडो डबा घेऊन हॉस्पिटलात गेला. नंतर कनकाने वॉचमनला सांगताना मी ऐकलं. गुंडोने पलंगापाशी उभं राहून डबा पुढे केला. गिरिधरने डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "इतके दिवस एकट्यानेच खाल्लास? आणि चिंच अजून जास्तच अहे."

मित्रांनो, यंदाची आयुधपूजा परवाच झाली. गुंडोचं लायसन्स परत मिळालंय. मालकावरची केस चालू आहे. गिरिधर नकली पाय लावून आता यार्डात बसतो, कुठल्या गाडीवर काय चढतं ते बघतो. माझ्या शेजारी एक नवा ट्रेलर उभा आहे. त्याच्याही उजव्या अंगाला पितळी पाटी, दोन ओळींची.

त्याला धुतलं, माळा घातल्या, लिंबं ठेवली. मालक तीच चांदीची वाटी घेऊन आला. पुटपुटत त्याने तीन बोटं गंधात बुडवली आणि हात पुढे नेला. वरच्या ओळीवर हात क्षणभर थांबला आणि खाली गेला. खालच्या ओळीकडे. अगदी सवयीने.

गुंडोने त्याचं मनगट पकडलं.

नोकराने मालकाचं मनगट पकडावं, असं त्या यार्डात कधी झालं नव्हतं. वॉचमन बघत राहिला. कनकाच्या हातातलं कापराचं ताट तसंच राहिलं. मालकाच्या बोटांवरचं गंध वाळायला लागलं, तरी गुंडोने हात सोडला नाही.

"आधीं वाचा, अण्णा," गुंडो म्हणाला.

मालकाने वाचलं. दोन्ही ओळी, मोठ्याने, सगळ्यांसमोर. मग गुंडोने मनगट सोडलं आणि गंध साखळीच्या कडीवर लावायला सांगितलं. माझ्याकडे कुणी लिंबू घेऊन आलं नाही. पण गिरिधर लंगडत आला आणि खांद्यावरच्या टॉवेलने त्याने माझी पाटी पुसली.

तुमच्या इमारतीत लिफ्ट असेल, शाळेला व्हॅन असेल, बागेत झोपाळा असेल. त्यांच्या अंगावर कुठेतरी एक बारीक ओळ लिहिलेली असते, किती जण, किती वजन. तिच्यावर स्टिकर चिकटवू नका, हार अडकवू नका, आणि काल चाललं म्हणून आज चालेल असं म्हणू नका. आम्ही यंत्रं तुमच्याकडे पूजा मागत नाही. मी चौदा वर्षं देव होतो आणि माझ्या पाठीवर जेवणाऱ्या माणसाचा पाय माझ्याच पाठीवरच्या ओझ्याखाली गेला. माझा राग अजून गेलेला नाही. खालची ओळ वाचल्याशिवाय माझ्यासारख्या कुणाच्याही पाठीवर काही ठेवू नका.